लांब हातांचा अंगचोर

माझे हात लांब आहेत. शर्टाच्या बाह्यांना कापड जास्त लागतं म्हणून आमचा शिंपी कुरकुरायचा, एरवी त्यांची कुणी दखल घेतली नव्हती. सत्तरच्या दशकात मी मंगळवेढ्याहून कारकुनी करायला सोलापुरात आलो आणि संध्याकाळी खोलीजवळच्या तालमीत जाऊ लागलो. तिथे या हातांनी मला चांगलंच छळलं.

तालमीत कुस्तीच्या हौद्याशेजारी एक फळी, एक दांडा आणि त्याला अडकवायची लोखंडी वजनं होती. फळीवर उताणं झोपायचं, दांडा छातीला टेकवायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा. माझ्या जोडीला एक विणकर असायचा. घरी तेलुगू बोलणारा, बुटका, रुंद छातीचा, आखूड हातांचा. तो सत्तर किलो सहज ढकलायचा. मी पन्नासलाच अर्ध्या वाटेत अडायचो. दोघं वजनाला सारखेच, खुराकही सारखाच, म्हणजे भाकरी आणि शेंगदाणे. वस्तादांचं आयुष्य कुस्तीत गेलेलं. त्यांनी चार दिवस पाहिलं आणि निकाल दिला. "ह्यो अंग चोरतोय."

अंगचोराची शिक्षा आमच्याकडे ठरलेली होती. व्यायाम झाला की बाकीचे अंग पुसत गप्पा हाणत बसायचे आणि त्याने एकट्याने फावडं घेऊन हौद्याची माती उकरायची. मी दोन महिने उकरली. मातीचं काही नव्हतं हो. पण मी जीव तोडून ढकलावं आणि वर आळशी म्हणवून घ्यावं, यानं माझं डोकं फिरायचं. तालीम सोडावी तर शिक्का कायमचा बसणार, म्हणून सोडवतही नव्हतं.

शेवटी विणकरालाच ते बघवेना. एके दिवशी त्याने खिशातून मागावरच्या सुताचे दोन तुकडे काढले. मला फळीवर झोपवून छातीपासून वर धरलेल्या दांड्यापर्यंतचं अंतर मोजलं, मग स्वतः झोपून मला त्याचं मोजायला लावलं. माझं सहा बोटं जास्त भरलं.

"वस्ताद, ह्याला दर खेपेला सहा बोटं जास्त ढकलावं लागतंय की," तो म्हणाला. "अंग न्हाय चोरत ह्यो. हात लांब हायेत."

वस्तादांनी दोन्ही सुतं शेजारी धरून पाहिली. चुकलो असं काही ते म्हणाले नाहीत, पण त्या दिवशी मला फावडं दिलं नाही. मी घरी जाताना अक्षरशः शीळ घालत गेलो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नवा प्रकार काढला. जमिनीवरचा दांडा धरायचा आणि ताठ उभं राहायचं, बस. इथे माझी चैन झाली. माझे हात आपसूक खाली पोचायचे, फार वाकावं लागायचं नाही, आणि ताठ झालो की दांडा मांड्यांच्या मध्यावरच थांबायचा. विणकराला खोल वाकावं लागे आणि दांडा पार जांघेपर्यंत आणावा लागे. मी शंभर किलो उचलले. तो ऐंशीला अडला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडला. मान लालबुंद झाली होती त्याची.

वस्ताद माणूस सरळ होता, नियम सगळ्यांना एकच. त्यांनी फावडं उचलून त्याच्या हातात दिलं.

काय झालंय ते तालमीत फक्त आम्हा दोघांना कळत होतं. स्वतःसाठी बोलणं त्याला शोभलं नसतं. बोलायचं मी होतं. मी बोललो नाही. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. वस्तादांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली होती आणि ती मला घालवायची नव्हती. त्याची आजही लाज वाटते.

मी हौद्याच्या कडेला उभा होतो. तो फावडं घेऊन आला, माझ्याकडे न बघता थांबला.

"जरा सरक की," म्हणाला, "माती उकरायची हाय."

मी सरकलो.