रुखमिणी सिस्टरची डबी

आमची रुखमिणी सिस्टर जागेपणी सपन पाहणारी बाई. मी मंदाबाई, प्रसूतीच्या वॉर्डातली आया, रोज तिच्यासोबत असतो म्हणून सांगतो. डोळे खिडकीबाहेर, वैनगंगेच्या पाण्यावर; हात मात्र बरोबर चालतात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात. माह्या हातून कापूस लाल पिशवीत गेला, तं पाण्यावरची नजर न हटवता म्हणते, मंदाबाई, चुकलं. डोक्याले मागून डोळे आहेत का काय, देव जाणे!

पाण्याकडे काहून पाहते, ते मले माहीत आहे. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं. ज्या अंगणात तिची नाळ पुरली, तिथे आता मासे फिरतात. नवरा जवाहरनगरच्या फॅक्टरीत, घर म्हणजे सरकारी क्वार्टर. आज आहे, उद्या सोडा म्हणतील.

एका दुपारी करडी गावची राधाबाई सुनेले घेऊन आली. सून डिंपल, कळा सुरू, बीपी चढलेलं. म्हातारीनं आल्याआल्याच अट घातली. लेकरामागून येते ती वार आमच्या हाती द्या, अंगणात पुरायची आहे. पहिल्या खेपेले कुठल्याशा दवाखान्यानं दिली नाही, अन् लेकरू महिनाभरही जगलं नाही. सिस्टरनं समजावलं, वार पिवळ्या पिशवीतच जाते, त्या रक्तातून रोग पसरू शकतो, कोणालेच देत नाही. झालं! म्हातारी उठली, सुनेचा हात धरला, घरीच बाळंतपण करतो म्हणे. ऑटो फाटकातच उभा. मले असा राग आला म्हणता! पोरीचा जीव जाऊन राहिला अन् हिले वारेची पडली. मी तोंड उघडणार, तं सिस्टरनं माह्या हातावर हात ठेवला.

ती राधाबाईजवळ बाकावर बसली.

"वार आमची, मावशी. पण नाळ तुमची. बेंबीवरची नाळ सुकून घरीच गळते, तिले कोणतीच पिशवी नाही. ती पुरा."

म्हातारीनं रोखून पाहिलं. तुह्या लेकराची वार कुठे गेली, विचारलं. सिस्टर म्हणाली, इथेच, पिवळ्या पिशवीत, मीच टाकायले सांगितलं. माहा अंकुर आता शाळेत जाते.

"अन् नाळ?"

सिस्टरनं पर्समधून कुंकवाची जुनी डबी काढली, आत अंकुरची सुकलेली नाळ. इतकी वर्षं सोबत वागवत होती, मलेही पत्ता नाही. क्वार्टरच्या जमिनीत कशी पुरू, म्हणाली, ती जागा आपली थोडीच आहे.

राधाबाईनं ऑटोवाल्याले जायले सांगितलं.

दिवस मावळता डिंपलले पोरगी झाली, ठणठणीत. वार पिवळ्या पिशवीत गेली तेव्हा म्हातारीनं दारातूनच हात जोडले.

सुट्टी झाली त्या दिवशी पोरीले छातीशी धरून ती सिस्टरसमोर उभी राहिली. दुसरा हात पुढे केला.

"दे ती डबी. हिची नाळ गळली का माह्या अंगणात दोघाईची सोबतच पुरतो. अंकुरले कोणी गाव विचारलं, तं करडी सांग म्हणा."