मार्थाबाईंचा हुकूम

मार्थाबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिसगावच्या बाजारात एका खोंडाचे दात बघत होतो. सौदा जुळत आला होता. मी खोंडाचं तोंड सोडलं आणि न बोलता चालू लागलो. मालक मागून ओरडला, "आण्णा, आता कशापायी रुसता?" भाव पाडायची ही माझी नवी तऱ्हा आहे, असं त्याला वाटलं... या गोष्टीला सव्वा महिना झाला. लोक म्हणतात, बाई प्रेमळ होत्या. असतील. मला त्यांनी भर चौकात गप बसवलं होतं आणि शेवटपर्यंत तो शब्द मागे घेतला नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही.

दुष्काळाच्या वर्षीची गोष्ट. तिसगावपासून दोन कोसांवर आमचं गाव, तिथं मिशनचा लहानसा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकी सगळं सिस्टर मार्थाबाईंवर. शेजारीच चौकात पिठाची गिरणी. एका दुपारी माझा धाकटा भाऊ रंगनाथ गिरणीची वायर सरकवायला गेला आणि चिकटला. काठीनं सोडवला, पण श्वास बंद, ओठ काळेनिळे. मातीनं करंट ओढून घ्यावा म्हणून आम्ही त्याला गळ्यापर्यंत पुरायला लागलो. आमच्याकडे तसंच करतात. फावडं माझ्याच हातात होतं...

तेवढ्यात बाई धावत आल्या. मागे झाडूवाला सखाराम, कंपाउंडर आणि दवाखान्याची स्वयंपाकीण गंगूबाई.

"बाहेर काढा त्याला!"

मी खवळलो. "जीप आणतो, नगरला नेतो. तुमाला काय जमनार हाय?"

"नगरपर्यंत याचा श्वास कोण घेणार? तुम्ही? गप बसा आण्णा, आणि इथं गुडघे टेका."

तालुक्यात माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मी रंगनाथला खड्ड्यातून ओढून आडवा केला आणि गुडघे टेकले.

बाईंची एक रीत होती. आधी नाव, मग काम, आणि ऐकणाऱ्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचं.

"सखाराम, छाती."

"छाती माझी, बाई."

"गंगूबाई, मान मागं, हनुवटी वर."

"धरली."

कंपाउंडरकडे हवा भरायचा रबरी फुगा. "आणि आण्णा, बाजारात ओरडता तसे आकडे मोजा. पाच दाब, एक श्वास."

मी मोजू लागलो. बाई मात्र गळ्याच्या नाडीवर दोन बोटं ठेवून नुसत्या बघत होत्या. माझा भाऊ मरतोय आणि ही बाई हात चालवत नाही, म्हणून माझं डोकं फिरलं होतं. पुढे कळलं, ज्याचे हात गुंतले त्याला बाकीचे दिसत नाहीत. सखाराम दमल्याचं सखारामाच्या आधी बाईंना कळलं. त्यांनी त्याला उठवून कंपाउंडरला छातीवर बसवलं, फुगा सखारामाला दिला. एवढ्यात गंगूबाई म्हणाली, "बाई, हवा प्वाटात चाललीया." स्वयंपाकिणीचं ते बोलणं! मी असतो तर झापलं असतं. बाई म्हणाल्या, "बरोबर. मान अजून मागं घे." छाती वर आली. मी आयुष्यात एकाही गड्याचं असं ऐकलेलं नाही.

किती वेळ गेला, देव जाणे. माझा आवाज फाटला. आणि रंगनाथ खोकला, माझ्या धोतरावर भडभडून ओकला. इतकं पवित्र धोतर मी पुन्हा नेसलो नाही! डोळे उघडून म्हणाला, "दादा, वरडतो कशापायी?" चौक हसला, रडला. बाईंनी फक्त पदरानं कपाळ पुसलं.

पुढे सत्कार झाला तो डॉक्टरांचा. ते दुसऱ्या दिवशी आले होते. मी भर सभेत तोंड सोडलं. बाईंनी मला हातानं खाली बसवलं, व्यासपीठावर चढून सखाराम, गंगूबाई, कंपाउंडर अशी तीन नावं खणखणीत घेतली आणि खाली उतरल्या. स्वतःचं घेतलं नाही. माझंही नाही! तेही मी विसरलेलो नाही.

परवा मंगळवारी दवाखान्यात गेलो. बाईंनी घालून दिलेला, बंद पडलेला श्वास चालू करायचा मंगळवारचा सराव चालला होता. टेबलावर रंगनाथ डोळे मिटून आडवा. नवी माणसं शिकावीत म्हणून तो दर मंगळवारी जातो, असं तेव्हा समजलं. हात नुसते ठेवायचे, दाबायचं नाही. नव्या सिस्टरनं हनुवटी धरली, तर त्याला गुदगुल्या होऊन पोट हलायला लागलं.

"रंगनाथभाऊ," ती कडाडली, "मेलेल्यानं हसायचं नसतं!"

त्यावर तो खदखदून हसला. मी दारात उभा राहून ते हसणं ऐकत राहिलो.