नानांनी बांधलेली जाळी

नाना गेल्याचं मला कोर्टवरच कळलं. सुरतेत, उधन्याला आमच्या मिलच्या चाळीमागे बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट आहे. संध्याकाळी मी तिथे लहान मुलींना खेळायला घेते. माझ्याबरोबर खेळलेली सुशीला कुंपणापाशी आली आणि तिने तळहात वर केला. मागखात्यात त्या खुणेचा अर्थ, धागा तुटला, माग थांबव. मला काही विचारावं लागलं नाही…

नाना माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. भुसावळला रेल्वेच्या मैदानावर ते हा खेळ शिकले आणि सुरतेला येऊन विणकर झाले. मागांच्या खडखडाटात कान गेले, पण तिथे कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, सगळे हातांनी बोलतात. पाळी संपली की तेच हात घेऊन नाना आम्हा मुलींना शिकवायला येत.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. इंग्रजी शाळेत जाणारी चाळीतली एकटीच. बाकीच्या मुलींची भांडणंसुद्धा अर्धी अहिराणीत आणि अर्धी गुजरातीत चालत. मी कोणत्या भाषेत तोंड घालावं हे न कळून गप्प राही. आणि नानांनी मलाच गार्ड केलं! गार्डने बॉल पुढे न्यायचा, कुणाला द्यायचा ते ठरवायचं आणि चौघींना हाका मारत राहायचं, अशी आमची समजूत.

"मॅडम, तोंड उघडा की, माशी नाही जाणार," सुशीला म्हणाली. "नाना, हिला काढा. ही मुकी गार्ड काय कामाची?"

ते कोर्ट सोडून मला कुठेच जागा नव्हती, आणि तीही आता जाणार होती. सुशीलाला ते सगळं नानांच्या कानाशी पुन्हा ओरडून सांगावं लागलं. नाना शांतपणे म्हणाले, "बडबड करनाऱ्या चार शेतस. देखनारी एकच शे." बघणारी आहे ती मी एकटीच.

मग त्यांनी मला मागखात्याच्या दारात नेऊन उभं केलं. एक विणकर चार माग सांभाळत होता. तो कुठल्याच मागाकडे टक लावून बघत नव्हता, तरी तिसऱ्यावरचा धागा तुटायच्या आत त्याचा हात तिथे पोचला. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "बॉलकडे काय बघतेस? तो कुठे पळून जातो? तुझे चार माग बघ." मुली दमल्या की कशा पळतात, कुणाला बॉल छातीशी द्यावा लागतो, कोण रुसली आहे… हे सगळं मला आधीपासून दिसत होतं. त्याचा काही उपयोग असतो, हे तेव्हा कळलं. नानांनी आम्हाला हातांच्या खुणा शिकवल्या, आणि माझं न बोलणं कुणाला खटकेना.

नवसारीच्या सामन्यात मात्र मी घोटाळा केला. 'जरा सावकाश' असं सांगायला, मागखात्यातला अर्थ ध्यानात न घेता, मी मनानेच तळहात वर केला. विणकरांच्या तिन्ही मुली माग बंद पडावा तशा जागच्या जागी थांबल्या! दुकानदाराची हंसा तेवढी पळत राहिली. सुशीलाच्या पुढे टाकलेला माझा बॉल समोरच्या मुलीने अलगद उचलला. तेव्हा माझ्या तोंडून बाहेर पडलं, "पळा! पळा ना गं, बायांनो!" मैदानाबाहेरची माणसंसुद्धा वळून बघू लागली. सामना आम्ही हरलोच, पण परत येताना बसमध्ये सुशीला सगळा रस्ताभर माझी नक्कल करत होती. त्या दिवसापासून ती मला नावाने हाक मारू लागली.

फक्त नानांना काही ऐकू आलं नव्हतं. "माले ऐकू उनं नही. आखो एकदाव," ते म्हणत. पुन्हा एकदा ओरडून दाखव. मी नुसती हसायची. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी ते मागितलं आणि मी टाळलं.

गेल्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा ते ओट्यावर बसून कोर्टवरच्या बास्केटच्या कड्यासाठी सुती दोरीची नवी जाळी बांधत होते. ऐकू येणं पार संपलं होतं. नवी गार्ड कोण, हे त्यांनी हातांनीच विचारलं. मीही हातांनी सांगितलं. मग कानाला हात लावून ते माझ्याकडे बघत राहिले. मी इकडे तिकडे पाहिलं, त्यांच्या कानाशी वाकले आणि सगळा जीव एकवटून ओरडले, "पळा!"

चाळीतली दारं उघडली. "काय झालं गं?" आतून काकू धावत आल्या. नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ऐकू आलं का, हे मी विचारलं नाही.

ती जाळी आता कड्याला आहे. नाना तिचं खालचं तोंड मुद्दाम आवळून बांधत, म्हणजे बॉल पडताना क्षणभर अडकतो. टाळ्या वाजवायला नव्हे, म्हणत, तेवढ्यात चौघींकडे बघून घ्यायला. काल एका मुलीने बास्केट केलं. बॉल जाळीत थांबला… मी चौघींकडे बघून घेतलं.