रविवारची मोहफुलं

रुखमाचा देव कडक होता आणि रुखमा त्याच्याहून कडक. गोंडपिपरीपासून आत, जंगलाला लागून असलेल्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजून पाच. पंधरा दिवसांनी मोटारसायकलवर येणारे पाळक रविवारीसुद्धा वाटेत भाजी घेत, पण रुखमा त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शिळं खायची. सोयीचं असेल तिथे मात्र ती वाकायची. तिने वेचलेली मोहफुलं दारूच्या भट्टीत जातात हे तिला चांगलं ठाऊक होतं. "मी इकतो, पेत नाई," एवढं म्हटलं की तिचं मन निवांत.

मोह वेचायला तिची जोडी शेजारच्या कांताशी. कांताचे देव गावाबाहेर झाडाखाली होते, पण त्यावरून दोघींत कधी वाजलं नाही. रान वाघाचं, म्हणून बाया दोघी-दोघींनी जात. एकीनं वाकून वेचायचं, दुसरीनं काठी घेऊन तिची पाठ राखायची, मग पाळी बदलायची. वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं. अकरा वर्षं कांताने रुखमासाठी रविवार सोडला होता. तिच्या झाडाखालची फुलं त्या दिवशी दुसरे उचलून नेत, तरी तिने कुरकुर केली नाही. रुखमाला त्यात उपकार कधी दिसलाच नाही. देवाचा दिवस, त्यात कसला उपकार!

यंदा एका शनिवारी रात्री वारा सुटला आणि रविवारी झाडांखाली सडा पडला. कांताची मुलगी रंजीता तेव्हा अहेरीला मामाकडे होती. कांता पहाटेच रुखमाच्या दारात आली.

"आजच्या दिस चाल ना, बाई. तू वेचू नोको, निस्ती उभी राह्य."

"रविवार हाये."

"निस्ती उभी राह्य म्हणतो ना."

"नाई म्हणलं ना, कांता."

कांता हसली आणि एकटीच गेली. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं रुखमाला नंतर कितीदा तरी वाटलं. प्रार्थना चालू असतानाच बाहेर माणसं ओरडत पळाली. कांता झाडापासून बरीच आत, झुडपात सापडली. तिला ओळखायला रुखमालाच नेलं.

गावात कोणी रुखमाला बोल लावला नाही. पाळक आले तेव्हा हळूच म्हणाले, "उभं राहणं म्हणजे काही काम नव्हे, रुखमाबाई. मला विचारलं असतं तर मी जा म्हटलं असतं." रुखमाला त्यांचा भयंकर राग आला. मग त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण विचारायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मोहाचे थोडेच दिवस उरले होते आणि रंजीताच्या घरात कमावतं दुसरं कोणी नव्हतं. दोन आठवड्यांनी, रविवारी पहाटे ती टोपली घेऊन निघालेली दिसली तशी रुखमा काठी घेऊन तिच्या अंगणात गेली. रात्रभर तिने हिशेब जुळवला होता. फुलाला हात लावायचा नाही, फक्त उभं राहायचं. म्हणजे रविवारही राहील आणि पोरही राहील. एवढं होऊनही बाई देवाशी घासाघीस करतच होती.

"मी येतो तुह्यासंगं," ती म्हणाली. "तू वेच. मी उभी राह्यतो."

रंजीताने टोपली तिच्यापुढे धरली.

"नाई, काकू. तुमी वेचा. उभी मी राह्यतो."

"पोरी, आज रविवार..."

"ठावं हाये मले. तुमच्या भरोशावर मी नाई वाकत."

रुखमाने काठी रंजीताच्या हातात दिली, तिच्या हातातली टोपली घेतली आणि निघाली.

झाडाखाली पोचल्यावर लुगडं खोचून ती वाकली. मागे झुडपं होती आणि झुडपांच्या आणि तिच्या मधे जिची आई तिच्यामुळे गेली ती पोरगी. आपण मेलो तर ते न्यायाचंच होईल, असं तिला स्वच्छ वाटलं. तरी ती वेचत राहिली. चोरून एकदा, दोनदा, पुन्हा एकदा तिने मागे पाहिलं. रंजीता काठी घट्ट धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही तिने रानावरची नजर काढली नाही. रुखमाची टोपली काठोकाठ भरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

कांताने एवढंच मागितलं होतं.