मावशींचं राहिलेलं बोलणं

बोलायला उभ्या राहण्याआधी मावशी बाकाखाली चपला काढून ठेवत. ते दिसलं की आम्ही समजायचो, आता जेवणाची सुट्टी गेली. मी तेव्हा पालिकेच्या सभेचं इतिवृत्त लिहिणारा कारकून. घड्याळ आणि घंटीही माझ्याच टेबलावर असायची.

मावशी खाडीकाठच्या कोळीवाड्यातून महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या. शाळा चौथीपर्यंत. पण त्या बोलायला लागल्या की वकील नगरसेवकसुद्धा पेंगायला लागत. मी पेन खाली ठेवलं की लगेच दटावायच्या, "लिव रं बाबा, माजा अजून झाला नाय."

हे बोलणं उगाच नव्हतं, हे कळायला मला वर्ष लागलं. त्यांच्या गावाची मासळी सुकवायची मोकळी जागा पालिकेच्या आराखड्यात राखून ठेवलेली होती. तिथे व्यापारी इमारत उठवायचा ठराव दर सभेला यायचा आणि मावशी सभेची वेळ संपेपर्यंत बोलून तो पुढे ढकलायच्या. एकदा तर जवळा सुकायला कसा पसरतात, हे त्यांनी तासभर सांगितलं. तुम्ही असतात तर हसला असतात. आम्हीही हसलो.

शेवटी तोड निघाली. भाषण पाचच मिनिटं. बदल्यात आराखड्यातली राखीव जागा उठवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं हवीत. सभागृह चाळीस जणांचं. मावशींनी बोटांवर आपली माणसं मोजली. "पंधरा हाव आमी. बास झाला," म्हणाल्या आणि त्यांनीही नियमाच्या बाजूने हात वर केला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पण खोटं कशाला सांगू, तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं.

ठराव आला त्या दिवशी त्यांच्यातले तिघे विठ्ठलवाडीला लग्नाला गेलेले. विषय यादीत शेवटचा, तोवर येतो म्हणाले होते. अध्यक्षांनी तो पहिलाच घेतला. मावशी दाराकडे बघत बोलू लागल्या. पाच मिनिटं झाली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी घंटी वाजवली.

"माजा झाला नाय अजून."

मी पुन्हा वाजवली. हजर सदतीस, हात पंचवीस. ठराव मंजूर. ते तिघे पाऊण तासाने आले, केसांत अक्षता घेऊन. पूर्वीच्या मावशींनी पाऊण तास सहज काढला असता. माझी नोकरी होती, लिहीत बसलो.

त्यानंतर मावशी सभेला येत, सही करत आणि गप्प बसत. पुढची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

दोन वर्षांनी त्या गेल्याचं कळलं, म्हणून मी कोळीवाड्यात गेलो. त्या जागेवर इमारत उभी होती. दारात सून भेटली. त्यांच्या गावकीत रीत आहे, प्रत्येक घराला नाव घेऊन विचारल्याशिवाय बैठक उठत नाही. पण मावशींनी हात वर केला म्हणून जागा गेली, असं गावाचं म्हणणं.

"त्या वर्साला आमचे घराला इचारलाच नाय कुनी," सून म्हणाली. "सगली उठून गेली. आई तिथंच बसलेली. मी हात धरून उठवाया गेलू, तर म्हनं, थांब गो, मना इचारतील."