शोभेचं गवत, गुडघ्याएवढं

गवत शोभेचं होतं म्हणे. असेल. मला तो पडदा वाटला, आणि पडदा म्हणूनच तो लावला होता.

येलदरीला धरणाच्या वसाहतीत आमचं घर शेवटचं. माझे मालक वीजघरात कामाला. आम्ही बौद्ध, दारावर निळा झेंडा. शेजारी ओव्हरसियर राहायचे, त्यांची बायको माझ्याच वयाची. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाडा पेटला, खेड्यापाड्यांत आमच्या लोकांची घरं जळाली. वसाहतीत कुणी कुणाला काही बोललं नाही. फक्त दिवाळीच्या आत शेजारणीनं सरकारी बंगल्याच्या बागेतनं गवताचे ठोंब आणवले आणि दोन्ही अंगणांच्या मधे ओळीनं लावले. ‘तुरे किती छान येतात!’ असं ती बायकांना सांगायची. वरून कीर्तन, आतून तमाशा!

दोन पावसाळ्यांत गवत डोक्याच्या वर गेलं. नळ तिच्या अंगणापुढं. माझ्या दारातनं नळ दिसेना, नळावरनं माझं दार दिसेना. मधली पायवाट गवतानं गिळली. भरला हंडा घेऊन मी मागच्या नालीकडनं वळसा घालायची. संक्रांतीला बायका तिच्या दारापर्यंत वाण घेऊन यायच्या आणि तिथूनच परत फिरायच्या. पुढं एक घर आहे, हे दिसतंय कुणाला? मला राग यायचा. लय यायचा. तोंडावर शिवी दिली असती तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

पुढच्या संक्रांतीच्या आधी मी विळ्याला धार लावली. त्या गवताचं पातं करवतीसारखं, म्हणून हाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. कडब्याची पेंढी आवळतात तसा एकेक ठोंब सुंभानं कमरेत आवळला आणि गुडघ्याएवढं ठेवून वरचं सपासप कापलं.

शेजारीण धावत दारात आली. ‘अहो, हे काय करताय? मरेल ना ते!’

‘मरत न्हाई. पावसाळ्यात पुन्ना येतंय. माझी वाट तेवढी मोकळी करायलेय.’

‘मी साहेबांना सांगते.’

‘सांगा की! जागा सरकारची हाय, इळा माझा हाय.’

संध्याकाळी मालक म्हणाले, ‘कुदळ घेतो, मुळासकट काढून टाकतो. कटकट मिटंल.’ मी त्यांना अडवलं. गवत उपटलं तर ती विटांची भिंत घालेल, आणि भिंतीवर विळा चालत नाही. ‘ऱ्हाऊ द्या,’ म्हटलं. ‘मी दरसाली कापीन. दरसाली तिला दारात उभं राहून बघावं लागंल.’

आणि कापलं, नाकावर टिच्चून. तक्रारी झाल्या, मुकादम येऊन बघून गेला, डोकं खाजवून परत गेला. मी बारा-तेरा वर्षं कापत राहिले. बायकांना माझं दार दिसायला लागलं. काही आल्या, काही नाही आल्या. न येणाऱ्यांना निदान दार बघून माघारी फिरावं लागलं.

मग लेकीच्या बाळंतपणाला मी सोनपेठला गेले, आणि त्या हिवाळ्यात गवत तसंच राहिलं. परत आले ती संक्रांतीला. त्याच संक्रांतीत नामांतर झालं. नामांतर म्हणा, नामविस्तार म्हणा, आम्ही पेढे वाटले. मी ओट्यावर पेढ्यांचं ताट घेऊन बसले होते. गवतापलीकडून आवाज आला.

‘वहिनी, यंदा गवत कापलं नाही? माझ्या तुळशीला ऊनच येईना हो.’

वहिनी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

‘गवत तुमचं हाय,’ मी बसूनच म्हणाले. ‘इळा माझ्या ओट्यावर हाय. या, घ्या अन् कापा.’

मग ती नालीकडनं आली, मी हंडा घेऊन यायची त्याच वळशानं. पदर सावरत ओट्याशी उभी राहिली. मी विळा दिला, चिंध्या दिल्या, सुंभ दिला. ‘आधी बांधा, मग कापा,’ एवढंच सांगितलं.

तिनं वाकडंतिकडं कापायला घेतलं. दोन ठोंबांतच दमली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘एवढं पुरे ना?’

‘न्हाई,’ मी म्हणाले. ‘गुडघ्याएवढं. अन् पार नळापर्यंत.’