पाणी खोल नाही

ह्यांना अर्धांग झालं, त्याला दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. राहिली ती एकच हौस, नर्मदेत नावेत बसायची. भिंतीवरच्या घाटाच्या फोटोला बोट लावून बसायचे. मग मुलानं पीथमपुरची नोकरी सांभाळून, मित्राबरोबर नर्मदेकाठी धरमपुरीला मोटरबोट करायला घेतली. छोटी केबिन, आत गाद्या. "यॉट म्हणतात आई, नाव नाही." बरं बाबा, यॉट.

मशीन कोणतं, यावर देवासच्या आमच्या घरात महिनाभर खल. एक मागे लटकवायचं. पाणी कमी असलं की वर उचलता येतं, पण खडखड फार. दुसरं बोटीच्या पोटात. त्याचा दांडा तळातून बाहेर, टोकाला पंखा, तो कायम खालीच. पण आवाज जवळजवळ नाही. आवाजानं ह्यांचं डोकं दुखतं, म्हणून मुलाचा जीव त्या दुसऱ्यावर. मला म्हणाला, घाटापाशी पाणी किती असतं ते नाववाल्याला विचारून ठेव.

मी फोन लावला. नाववाला म्हणाला, "गहरा कहाँ माताजी, घुटने-घुटने है."

मी मुलाला मेसेज केला, "घाटापाशी पाणी खोल नाही." बोलताना आम्ही सगळे गहरंच म्हणतो हो. पण त्याचं मराठी वाचणं सुटू नये म्हणून मेसेज मी चांगल्या मराठीतच करते. माझाच हट्ट.

उत्तर आलं, "ओके आई."

बोटीच्या पूजेच्या दिवशी ह्यांची चाकाची खुर्ची घाटाच्या पायरीवर, आणि बोट वीस हात लांब. पुढे आणली तर पंखा गाळात.

"तूच लिहिलं होतंस ना, पानी खोला नहीं! मला वाटलं वरच्या धरणाचं पाणी अजून सोडायचंय, सोडलं की भरेल."

"अरे, खोल म्हणजे गहरं!"

जन्मभर शाळेत हिंदी शिकवलेला माणूस आम्हां दोघांच्या मध्ये बसला होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं.

"मशीन बदल मग," मी म्हटलं.

"दांड्यासाठी तळाला भोक पाडलंय आई."

नाववाला वाकला, "मास्साब, पीठ पे आ जाओ, दो मिनट का काम है." ह्यांनी मान हलवली. मी समजावलं, मुलानं हात जोडले. नाही म्हणजे नाहीच.

शेवटी मुलगा पाण्यातून चालत बोटीवर गेला. बाबांना निदान आवाज तरी ऐकवतो म्हणाला. सुरू झाल्याचं त्यानं हात हलवून सांगितलं. ह्यांनी मान तिरपी केली, मीही कान दिला.

काही म्हणता काही ऐकू आलं नाही.